हर्ष दुबे तयार होता, तुमच्या काउंटरवर कोण तयार आहे?

व्हिडिओत आकडे पटापट गेले, म्हणून इथे नीट लिहून देतो. वही-पेन घ्या.

आपल्या विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला. करंडक तोच, पण विकेट काढणारा मुख्य हात दर वेळी वेगळा:

2017-18: फास्ट बॉलर रजनीश गुरबानी. 6 मॅचमध्ये 39 विकेट. इंदूरला दिल्लीविरुद्धच्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक.

2018-19: डावखुरा स्पिनर आदित्य सरवटे. सीझनमध्ये 55 विकेट. नागपूरच्या फायनलमध्ये सौराष्ट्राविरुद्ध एकट्याच्या 11.

2024-25: डावखुरा स्पिनर हर्ष दुबे. 10 मॅचमध्ये 69 विकेट, एका रणजी सीझनमधला विक्रम.

धडा पहिला: नुसती बेरीज पाहू नका. 39 आणि 69 मध्ये फरक मोठा दिसतो. पण मॅचने भागा. गुरबानी 6.5, दुबे 6.9. फरक जवळपास संपला ना? दुकानाचंही तसंच. यंदाचा गल्ला मागच्या वर्षीपेक्षा जास्त दिसला की आपण खूश होतो, पण दुकान किती दिवस उघडं होतं ते मोजतच नाही. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा पैसा येतो, दिवाळीच्या पुढे धानाचा. म्हणून मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशीच करा, डिसेंबरशी नको.

धडा दुसरा: माणूस जाणार, हे धरून चाला. 2024-25 ची फायनल नागपूरलाच झाली, समोर केरळ. आणि केरळकडून कोण खेळत होतं? आपलाच आदित्य सरवटे! त्याने 79 रन काढले. तरी विदर्भ अडला नाही. पहिल्या डावात दुबे, दर्शन नळकांडे आणि पार्थ रेखाडे यांनी प्रत्येकी 3 विकेट घेतल्या. विदर्भ 379, केरळ 342. मॅच ड्रॉ झाली, पण त्या 37 रनांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला.

माझ्या दुकानात उलटं झालं. काउंटरवरचा पोरगा ऐन धानाच्या हंगामात काम सोडून गेला. अर्धी उधारी त्याच्या डोक्यात होती, वहीत नव्हती. बरेच पैसे बुडाले. चूक त्याची नाही, माझी होती. मी दुसरा हात तयारच केला नव्हता.

आजचा गृहपाठ: वहीत तीन रकाने आखा. मागच्या तीन वर्षांचा हा महिना लिहा. प्रत्येकात तीन गोष्टी भरा: रोजची सरासरी विक्री, सगळ्यात जास्त खपलेला माल, आणि तो विकणारा माणूस. तिन्ही रकान्यांत एकच माल आणि एकच नाव आलं, तर खूश होऊ नका. उद्यापासूनच दुसऱ्याला शिकवायला घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही भरूनच या!