ताण, नैराश्य आणि मार्कशीट

'टेन्शन' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो? व्हायवाचं टेन्शन, सबमिशनचं टेन्शन, केटीचं टेन्शन! पण ताण आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे बराच घोळ होतो.

थोडा ताण उपयोगीच असतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. त्यावरून पुढे असा नियम मांडला गेला की, ताण वाढला की कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते, नंतर घसरते. परीक्षेच्या आदल्या रात्री आपला जो अभ्यास होतो तो याच कृपेने! परीक्षा संपली की हा ताण उतरतो. नैराश्य तसं उतरत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांच्या तक्रारी असतील, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात.

सगळ्यात जास्त लोड इंजिनिअरिंगलाच, असं आपल्याला वाटतं. मग नर्सिंगवाल्यांकडे बघा. माझी मावसबहीण नेरळजवळच्या गावातली, जीएनएम करते. सकाळी वॉर्डात ड्युटी, दुपारी लेक्चर, मध्येच नाइट, शिवाय केस स्टडीच्या वह्या. आपलं प्रॅक्टिकल चुकलं तर रीडिंग पुन्हा घेता येतं, तिथे समोर पेशंट असतो. पेशंट गेला तरी दुसऱ्या दिवशीची टेस्ट टळत नाही. त्यात बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमधली. तिच्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ पाहिले, तेव्हा हे ओझं काय असतं ते कळलं.

आणि गंमत (गंमत कसली!) म्हणजे नैराश्याची लक्षणं तिला अभ्यासालाच होती. पेपरात तिने ती व्यवस्थित लिहिली. स्वतःला मात्र महिनोन्‌महिने धड झोप नव्हती, जेवण निम्म्यावर आलं होतं, तरी म्हणायची, "थोडी दमलेय गं, बाकी काही नाही." मार्क घसरले तेव्हा घरी उपाय ठरला, मोबाइल काढून घ्या.

मार्क पडले म्हणून नैराश्य येतं, की नैराश्यामुळे मार्क पडतात? एकदाच फॉर्म भरून घेतलेल्या सर्व्हेतून हे कळत नाही, दोन्ही गोष्टी सोबत दिसतात एवढंच कळतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही काळाने पुन्हा गाठून माहिती घेतली. २००९ च्या त्यांच्या लेखानुसार नैराश्य असलेल्यांचे ग्रेड पुढे घसरतात आणि शिक्षण सुटण्याची शक्यताही वाढते. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं : ग्रेडशी खरा संबंध उदास वाटण्याचा नाही, तर कशातच रस न वाटण्याचा दिसला. म्हणजे जो रडत नाही, कँटीनमध्ये हसतो, फक्त सबमिशन देणं बंद करतो, त्याला आपण सरळ आळशी म्हणून मोकळे होतो. मग मार्क आणखी पडतात, मन आणखी खचतं. कंट्रोल सिस्टिम्समध्ये याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात, नावात पॉझिटिव्ह असलं तरी!

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी चाचणी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटावं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

१०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. पण तो बसणार कधी? कर्जत-खोपोली एकेरी मार्ग, गाड्या मोजक्या. कॉलेज सुटल्यावरची वेळ दिली तर केळवली, डोलवली, खोपोलीची मुलं गाडी सोडून थांबणार नाहीत. वेळ दुपारच्या सुट्टीतली हवी आणि खोली ऑफिससमोर नको. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. माझ्या बहिणीने पहिला फोन तिथेच केला, नाइट ड्युटी संपल्यावर.