एक-दशांश रॅली-मोटार व तिचें सस्पेन्शन

मोटारगाडीची लहान प्रतिकृति दोन हेतूंनीं करतां येते. कपाटांत ठेवावयाची प्रतिकृति आकारानें हुबेहूब असली म्हणजे पुरे. परंतु जी बिनतारी संदेशानें चालवावयाची व खडीच्या रस्त्यावरून दौडवावयाची, तिच्याकडून पाहणाराची अपेक्षा निराळी असते. वळणावर ती खऱ्या गाडीप्रमाणें कलली पाहिजे. खड्ड्यावरून जातांना चाक तेवढें खालींवर होऊन धड स्थिर राहिलें पाहिजे. उंचवट्यावरून उडून जमिनीवर टेकतांना तिनें जड वस्तूसारखें खालीं बसून मग सांवरलें पाहिजे. दुकानांत मिळणाऱ्या पुष्कळशा गाड्या दगडावरून गेल्या कीं चेंडूसारख्या टणटण उडतात, आणि पाहणाराच्या मनांतील भ्रम तत्काळ मावळतो. गाडीचें अंग चाकांवर लवचिकपणें तोलून धरणारी जी योजना, तिला सस्पेन्शन म्हणतात. गाडी मुळापासून स्वतःच्या हातांनीं बनवितांना ह्या योजनेचा विचार कसा करावा, एवढाच विषय आम्ही येथें घेतला आहे.

नमुना म्हणून आम्हीं फोर्ड कंपनीची एस्कॉर्ट ही गाडी निवडली, आणि तिच्यांतही दुसऱ्या घडणीची, आर. एस. १८०० ह्या नांवाची. १९७० सालची लंडन ते मेक्सिको ही लांबलचक शर्यत हन्नु मिक्कोला व गुन्नार पाम ह्यांनीं पहिल्या घडणीच्या एस्कॉर्टमधून जिंकली. ब्रिटनची आर. ए. सी. रॅली तर १९७२ पासून १९७९ पर्यंत लागोपाठ आठ वर्षें एस्कॉर्टच जिंकत गेली. १९७७ सालीं पूर्व आफ्रिकेंतील सफारी रॅलींतही तीच पहिली आली. ह्या सफारी रॅलीचें नांव आपल्या लोकांच्या कानांवर आहे तें मुख्यतः केनियांतील शीख गृहस्थ जोगिंदर सिंग ह्यांच्यामुळें. त्यांनीं ती १९६५, १९७४ व १९७६ अशी तीन वेळां जिंकली, पण त्यांच्या गाड्या दुसऱ्या होत्या. एस्कॉर्ट निवडण्याचें खरें कारण तिची कीर्ति नसून तिची साधी रचना हें आहे. एंजिन पुढें, शक्ति फक्त मागच्या चाकांना. पुढें दोन सुटे खांब आणि मागें एक अखंड आंस. चारही चाकांना शक्ति देणाऱ्या गाडीपेक्षां हिच्यांत निम्मीच यंत्रें करावीं लागतात.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. प्रतिकृति एक-दशांश प्रमाणाची करावयाची म्हणजे प्रत्येक लांबी दहाव्या हिश्शाची होते. खऱ्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारें २४० सेंटिमीटर, म्हणून आपलें २४. येथवर सोपें आहे. परंतु क्षेत्रफळ शंभराव्या हिश्शाचें होतें आणि घनफळ हजाराव्या. म्हणजे एक हजार किलोग्रॅमच्या गाडीची खरी प्रतिकृति एकच किलोग्रॅम भरावयास हवी. प्रत्यक्षांत मोटर, बॅटरी व पितळी भाग धरून ती दीड किलोच्या खालीं आणणें कठीण जातें. हेंही एक वेळ चालेल. न चालणारी गोष्ट ही कीं गुरुत्वाकर्षण काहीं दहाव्या हिश्शाचें होत नाहीं! खरी गाडी ४० सेंटिमीटर उंचीवरून खालीं येण्यास सुमारें २९ शतांश सेकंद घेते. आपली गाडी तिच्या मानानें ४ सेंटिमीटरवरून येते, आणि तिला ९ शतांश सेकंदच पुरतात. अंतर दहापट कमी झालें, पण काल दहाच्या वर्गमूळानें, म्हणजे सुमारें ३.१६ पटींनीं कमी झाला. लहान गाडीच्या सर्व हालचाली जात्याच घाईच्या कां दिसतात, ह्याचें उत्तर ह्यांत आहे. ह्याच न्यायानें पाहिलें तर ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या खऱ्या गाडीची ऐट आपल्या गाडींत ताशीं १० नव्हे, तर सुमारें ३२ किलोमीटर वेगाला उतरते.

स्प्रिंगलाही हाच नियम लागू आहे. गाडी आपल्या वजनानें स्प्रिंगवर जितकी खालीं बसते, त्या बसणीवरच तिच्या डोलण्याची गति अवलंबून असते. वजन किती आहे हें त्यानंतर निराळें विचारावें लागत नाहीं. खरी गाडी १० सेंटिमीटर बसत असेल तर ती सेकंदाला सुमारें १.६ वेळां डोलते. प्रतिकृति प्रमाणशीर १ सेंटिमीटर बसविली तर ती ५ वेळां डोलेल. खऱ्या गाडीचा संथपणा जसाच्या तसा आणावयाचा तर लहान गाडीलाही १० सेंटिमीटर बसण्यास जागा द्यावी लागेल, आणि मग ती गाडी न दिसतां उंटासारखी दिसेल. तेव्हां आकाराशीं इमान राखावें कीं चालीशीं, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. शाळांच्या प्रदर्शनांतून अशा गाड्या टेबलावर उभ्या करून पारखतात, म्हणून मुलें साहजिकच आकाराच्या बाजूस झुकतात. दाराची मूठ आणि दिव्याची कांच ह्यांवर महिने घालवितात आणि स्प्रिंगा मात्र मिळतील त्या बसवितात. आमचें मत उलट आहे. धांवणाऱ्या गाडीचा दिवा दोन मिलिमीटर चुकला तर कोणास दिसत नाहीं. तिचें डोलणें चुकलेलें लहान मुलासही कळतें. म्हणून आम्हीं बसण प्रमाणापेक्षां किंचित् अधिक, म्हणजे १२ मिलिमीटर धरली, आणि चाकाला वर जाण्यासही तेवढीच जागा ठेवली. बसण मुळींच नसलेली गाडी खड्ड्यावरून जातांना चाक खालीं सोडूं शकत नाहीं. तिचें चाक हवेंत लोंबतें, जमिनीस लागत नाहीं.

आतां थोडें गणित. दीड किलोच्या गाडीचा भार चारही चाकांवर सारखा धरल्यास दर चाकास ३७५ ग्रॅम येतो. त्यांतून चाक, टायर व आंसाचा हिस्सा असे सुमारें ७५ ग्रॅम वजा करावे. कारण तें वजन स्प्रिंगच्या खालीं आहे, वर नाहीं. राहिले ३००. ते १२ मिलिमीटर बसावयाचे, म्हणून दर मिलिमीटरला २५ ग्रॅम इतकी ताठ स्प्रिंग हवी. ०.८ मिलिमीटर जाडीची पोलादी पियानो-तार घेऊन, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४ मिलिमीटर व्यास येईल अशा बेतानें सहा मोकळे वेढे घेतले म्हणजे जवळजवळ हाच ताठपणा मिळतो. दोन्ही टोकांना टेकण्यासाठीं एकेक मिटलेला वेढा निराळा. तार गुंडाळावयाचा दांडा ह्याहून बारीक घ्यावा, कारण सोडतांच तार फुगते. मनाजोगा व्यास येईपर्यंत दोनतीन दांडे बदलून पाहणें हाच खरा उपाय. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानांत ठेवावी. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. ०.८ च्या जागीं ०.९ ची तार आली, तर डोळ्यांना फरक दिसणार नाहीं, पण स्प्रिंग १.६ पट ताठ होईल. दुकानदार तारेचें भेंडोळें अंदाजानें काढून देतो. तें मायक्रोमीटरनें मोजल्यावांचून पैसे देऊं नयेत.

केवळ स्प्रिंग असली तर गाडी एकदां दाबून सोडल्यावर कितीतरी वेळ खालींवर होत राहील. तें डोलणें शमविण्याचें काम शॉक-ॲब्सॉर्बर करतो. तेलानें भरलेली नळी, तींत बारीक छिद्रांचा दट्ट्या, आणि दट्ट्याचा दांडा बाहेर आलेला, एवढाच त्याचा संसार. तेल सिलिकोनचें घ्यावें; उन्हाळ्याहिवाळ्यांत त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका बदलत नाहीं. ह्या मापाच्या गाडीस २०० पासून ५०० सेंटिस्टोकपर्यंतचें तेल सामान्यतः वापरतात. दट्ट्याच्या छिद्रांवर पातळ प्लॅस्टिकची चकती सैल बसविली, कीं चाक वर जातांना ती उघडते व खालीं येतांना मिटते. त्यामुळें धक्का मऊपणें घेतला जातो आणि स्प्रिंगची उसळी मात्र रोखली जाते. गाडीला जडपणाचा भास ह्या चकतीनें जितका येतो तितका दुसऱ्या कशानेंही येत नाहीं. दांडा आंत शिरला म्हणजे तेवढी जागा तेलानें सोडली पाहिजे, हें विसरूं नये: ३ मिलिमीटरचा दांडा २४ मिलिमीटर आंत गेला तर सुमारें १७० घन मिलिमीटर तेल हटतें, आणि त्यासाठीं नळीच्या माथ्याशीं रबराची लहानशी टोपी ठेवावी लागते. तेल बाहेर येऊं न देणाऱ्या रबरी कड्याचें घर्षण हा ह्या लहान यंत्रांतील छुपा शत्रु आहे. खऱ्या गाडींत तें नगण्य असतें. येथें कडें घट्ट बसून ३० ग्रॅमचें घर्षण झालें, तर २५ ग्रॅमच्या स्प्रिंगला गाडीची पातळी वर किंवा खालीं सव्वा मिलिमीटरच्या आंत सुधारतांच येत नाहीं. बारीक खडीवर ती स्प्रिंग असून नसल्यासारखी होते.

पुढच्या बाजूची रचना मॅकफर्सन ह्या अमेरिकन एंजिनियराच्या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत शॉक-ॲब्सॉर्बर हाच चाकाचा खांब असतो: वरचें टोक अंगाला, खालचें टोक एका आडव्या भुजेला, आणि स्टिअरिंग फिरलें कीं सबंध खांबच फिरतो. म्हणून वरच्या टोकास गोळ्याचा सांधा हवा. चाक खांबाच्या बाहेरच्या अंगास असल्यामुळें जमिनीचा दाब खांबास वांकवूं पाहतो व दांडा आपल्या बुशांत अडकतो. दांडा चार मिलिमीटरचा, घांसून चकचकीत केलेला घ्यावा; दोन आधारांतील अंतर होईल तितकें मोठें ठेवावें; आणि स्प्रिंग खांबाच्या अक्षाशीं किंचित् तिरपी बसवावी, म्हणजे तिचा दाब त्या वांकविणाऱ्या जोराच्या उलट पडतो. खऱ्या गाड्यांतही हीच युक्ति योजलेली असते. स्टिअरिंगच्या आडव्या दांडीची लांबी व तिच्या आंतल्या सांध्याची जागा खालच्या भुजेशीं अशी जुळली पाहिजे कीं चाक खालींवर होतांना दोघींचीं वर्तुळें सारखीं फिरतील. तपासणी सोपी आहे: चाकाला पुठ्ठ्याचा सरळ तुकडा चिकटवून चाक हातानें खालींवर करावें, पुठ्ठा डावीउजवीकडे वळूं लागला तर सांध्याची उंची बदलावी.

मागचा अखंड आंस दिसावयास सोपा, पण त्याला चोहोंकडून आवरावें लागतें. कारखान्यांतून येणाऱ्या एस्कॉर्टला मागें पाटे असत. लहान मापांत पाट्यांचे थर एकमेकांवर घांसून अडखळतात, म्हणून गुंडाळलेल्या स्प्रिंगा घेणें आम्हांस श्रेयस्कर वाटतें. पुढेंमागें सरकूं न देण्यास चार दांड्या, आणि आडवें सरकूं न देण्यास एक पॅनहार्ड दांडी. ही दांडी एका टोकास अंगाला व दुसऱ्या टोकास आंसाला जोडलेली असल्यामुळें आंस वर्तुळखंडांत फिरतो. १०० मिलिमीटर लांबीची दांडी मध्यापासून १२ मिलिमीटर वर गेली तर आंस पाऊण मिलिमीटरच्या आंतबाहेर बाजूस सरकतो. एवढें चालण्यासारखें आहे. ज्याला तेंही नको असेल त्यानें जेम्स वॅटची जोडदांडी करावी. वॅटनें ती १७८४ सालीं वाफेच्या यंत्रासाठीं योजिली होती, आणि तिनें आंस जवळजवळ सरळ रेषेंत चालतो. आणखी एक विशेष: दोन मागच्या स्प्रिंगांतील अंतर चाकांतील अंतराच्या ०.७ पट ठेवलें, तर दोन्ही चाकें एकदम वर जातांना ताठपणा पूर्ण मिळतो, पण गाडी वळणावर कलतांना जेमतेम निम्मा. वळण घेतांना मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बसलेली एस्कॉर्ट छायाचित्रांतून ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना हें अंतर वाढविण्याची इच्छा होणार नाहीं.

चाकांविषयीं एक तक्रार नोंदविणें भाग आहे. ह्या प्रमाणाच्या गाड्यांसाठीं बाजारांत मिळणारी रिम बहुधा ५२ मिलिमीटरची असते. दहापट केली तर ती वीस इंचांहून मोठी होते. एस्कॉर्टची रिम १३ इंचांची, म्हणजे आपली ३३ मिलिमीटर व्हावयास हवी. तेव्हां रिमा लेथवर नायलॉनच्या कांबीतून कातून काढाव्या व वर जाड, मऊ रबराचे टायर चढवावे. जाड टायर स्वतःही थोडा दबतो आणि बारीक खडीचा कंप स्प्रिंगपर्यंत पोंचूंच देत नाहीं.

बिनतारी यंत्राविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं; तें विकतच घ्यावें. निकोला टेस्लानें १८९८ सालीं न्यूयॉर्कमध्यें बिनतारी नियंत्रणानें चालणारी नाव दाखविली, तेव्हां लोकांस ती जादू वाटली, आज २.४ गिगाहर्ट्झचा संच एका हातांत मावतो. स्टिअरिंग फिरविणारें सर्व्हो-यंत्र सेकंदांतून पन्नास वेळां एक इशारा घेतें. तो दीड सहस्रांश सेकंद टिकला तर चाकें सरळ. एक किंवा दोन सहस्रांश टिकला तर पूर्ण एका किंवा दुसऱ्या बाजूस. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून खोलींतून निघून जाऊं नये, एवढें मात्र आम्ही बजावून सांगतों; ती फुगलेली दिसतांच वापरणें सोडावें.

गाडी जुळली म्हणजे वरचें कवच न घालतां प्रथम तिला सपाट फरशीवर ठेवावें व पार खालपर्यंत दाबून सोडावें. ती वर येऊन आपल्या पातळीच्या किंचित् वर जाऊन एकदांच परतली तर तेल योग्य. पुन्हां पुन्हां डोलली तर अधिक दाट तेल हवें. चिखलांतून निघाल्यासारखी रेंगाळत वर आली तर पातळ. पुढची व मागची बाजू निरनिराळी दाबून दोघींची चाल जुळवावी. मग कवच चढवून तीच परीक्षा पुन्हां करावी, कारण कवचाचें वजन उंचावर असतें. शेवटीं मैदानावर एक वीटभर उंचीचा उतार करून त्यावरून गाडी उडवावी व मोबाइलच्या कॅमेऱ्यानें चित्रण करावें. सेकंदाला ७६ चित्रें घेऊन २४ च्या गतीनें दाखविलीं तर काल बरोबर ३.१६ पटींच्या आसपास ताणला जातो. बहुतेक कॅमेऱ्यांत १२० चित्रांची सोय असते; तीं ३० च्या गतीनें दाखविल्यास चौपट ताण पडतो, तोही चालतो. पडद्यावर गाडीचें पुढचें नाक आधीं टेकलें कीं मागचें चाक, चारही चाकें किती दबलीं, आणि त्यानंतर ती किती वेळां डोलली, हें एकेक चित्र थांबवून मोजावें, वहींत लिहावें, आणि मगच तेलाच्या बाटलीस हात लावावा.