टायरवरची पांढरी अक्षरं : खर्च किती, फसगत कुठे

झाशीत तुम्ही जुनी जीप किंवा अँबेसेडर सांभाळत असाल आणि टायरवरची पांढरी अक्षरं तपकिरी पडली असतील, तर ब्रश हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासा. अक्षर पांढऱ्या रबराचं आहे की वरून पांढरा रंग दिलेला आहे? सगळा खर्च यावर ठरतो. रबर असेल तर काम तीनशे रुपयांत घरी होतं. रंग असेल तर तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. आणि टायरच म्हातारा झाला असेल तर अक्षरांवर एक रुपयाही घालवू नका.

आधी ओळखा

अक्षराच्या कोपऱ्यावर नखाएवढी जागा ओली करून बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. खालून स्वच्छ पांढरं निघालं तर ते पांढरं रबर. काळं दिसलं तर रंग. अक्षराची कड नखाने उचलली जात असेल तर ते चिकटवलेलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक टायरांवरची उठावाची अक्षरं काळीच असतात. त्यांच्या आत पांढरं काही नसतं, म्हणून ‘घासून पांढरं काढून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

मग टायरचं वय पाहा. डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला हे आकडे नसतील तर ते आतल्या बाजूला असतात. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी तपासून घ्या. दहा झाली की नक्षी कितीही शाबूत असो, बदला. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कायद्यानेही तो टायर बाद. अक्षरांभोवती भेगा दिसत असतील तर घासू नका.

घरी केलं तर

नायलॉनचा ब्रश साधारण 60 रुपये, भांड्यांचा लिक्विड साबण 50, मेलामाइन स्पंजचं पाकीट 150, बारीक पॉलिश पेपरचे दोन कागद 40. झाले तीनशे. दुकानागणिक थोडं मागेपुढे होईल. सिपरी बाजार किंवा सदर बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात पेपर ‘रेगमाल’ म्हणून मागा, ‘पानीवाला, 400 नंबर’ असं सांगा. चार चाकांना दोन-तीन तास धरा.

वेळ सकाळी आठच्या आतली. मे-जूनमध्ये झाशीचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि तापलेल्या रबरावर साबण वाळून डाग धरतो. टायर ओला करा, साबण लावा, ब्रश गोल फिरवा. पहिला फेस चहासारखा तपकिरी उतरेल. ती नुसती धूळ नव्हे. रबर ऊन आणि ओझोनपासून वाचावं म्हणून काळ्या रबरात मेण आणि रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पांढऱ्याला पिवळं करतात. म्हणून एका धुण्यात सगळं जात नाही. फेस पांढरा येईपर्यंत दोन-तीनदा धुवा, मग ओला स्पंज फक्त अक्षरावर फिरवा. तरीही डाग राहिला तरच ओला रेगमाल, तोही दोन बोटांनी, अक्षराच्या उठावापुरता. पांढऱ्या रबराचा थर पातळ असतो. दर वेळी घासलंत की तो थोडा कमी होतो. शेवटी साध्या पाण्याने धुऊन फडक्याने लगेच पुसा, नाहीतर खाऱ्या पाण्याचे ठिपके उमटतात.

पेट्रोल, थिनर, ब्लीच, संडास धुण्याचं ॲसिड, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर यांपैकी काहीही वापरायचं नाही. पेट्रोल-थिनरने रबर फुगतं, ब्लीचने कोरडं पडतं. ग्राइंडर तर साइडवॉलच्या धाग्यांपर्यंत पोचू शकतो, आणि तसा टायर रस्त्यावर फुटतो.

रंग द्यायचा असेल तर

टायर पेंटचा पेन ऑनलाइन साधारण 100 ते 300 रुपयांना मिळतो. टायर आधी धुऊन पूर्ण कोरडा करा, पातळ दोन हात द्या, चोवीस तास गाडी हलवू नका. साइडवॉल दर फेऱ्याला वाकते, त्यामुळे हा रंग आज ना उद्या तडकतोच. ‘परमनंट’ या शब्दाचे जादा पैसे देऊ नका. साधा ऑइल पेंट तर आणखी लवकर सुटतो.

दुकानात छुपा खर्च

वॉशिंग सेंटरवर गाडी देताना आधीच सांगा: डिझेलचा फवारा नको, टायरला चमक आणणारं तेलकट पॉलिश नको. चमक दोन दिवस टिकते आणि अक्षरं पुन्हा तपकिरी होतात. काळ्या भागाला पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग चालेल, पण अक्षरावरून ते पुसून घ्या.

चाक खोलून टायर उतरवायला आणि चढवायला साधारण 100 ते 200 रुपये लागतात. बॅलन्सिंग वेगळं, आणि त्यातल्या वजनांचे पैसे ग्रॅमवर वेगळे. तिन्ही आकडे आधी विचारा. पांढरी अक्षरं बऱ्याच टायरांना एकाच बाजूला असतात. ती बाजू बाहेर यायला हवी हे मिस्त्रीला चढवण्याआधी सांगा, नाहीतर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल.

नवा टायर घेताना

22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या नव्या टायरवर जीएसटी 28 ऐवजी 18 टक्के आहे. जुना दर लावलेलं बिल घेऊ नका. ‘परदेशातून पांढऱ्या अक्षरांचा मागवून देतो’ म्हणणाऱ्याला लगेच आगाऊ रक्कम देऊ नका. जून 2020 पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आधी आयातीचा परवाना आणि ते चिन्ह बघा. बिलावर टायरचं माप आणि डीओटी क्रमांक लिहून घ्या.

गाडी पन्नाशी पार असेल तर

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते. लागतं ते असं: फॉर्म 20, विमा, जुनं आरसी, आणि गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. प्रमाणपत्र साठ दिवसांत मिळायला हवं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण ही गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात नेत असाल तर या वाटेला जाऊ नका.

दुकानात टायरचं काम बिघडलं तर बिल, आधीचे आणि नंतरचे फोटो जवळ ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. म्हणून काम चारशे रुपयांचं असलं तरी पावती मागूनच दुकानातून निघा.