लेकीचा अर्ज, तुमचे दात

डिसेंबर उजाडला की आमच्या मंडळातल्या कुणा ना कुणा आईचा फोन येतोच. आधी हवापाणी, मग बर्फाच्या तक्रारी, आणि मग आवाज जरा खाली उतरतो. "अगं, आमची म्हणतेय डेंटल हायजिनला अर्ज करायचाय. तू त्याच लाइनमधली. जरा समजाव ना तिला. एवढी हुशार पोर, करायचंच तर निदान डेंटिस्ट तरी हो म्हणावं."

समजावते की. पण तिला नाही, तुम्हाला. अमेरिकेत घर केलेल्या तुम्हा मराठी आई-वडिलांशीच आज बोलायचंय. मुलगा या वाटेला निघाला असेल तरी हेच सगळं लागू, पण मला येणारे फोन बहुतेक लेकींच्या आयांचेच असतात म्हणून लेक म्हणते.

तुमची अडचण मला कळते. पुण्याला किंवा सांगलीला फोनवर काय सांगायचं? "दातांच्या डॉक्टरकडे कामाला लागणार" म्हटलं की पलीकडून नुसतं "अच्छा..." येतं. आपण वाढलो तिथे ही व्यक्ती आपल्याला कधी दिसलीच नाही. भारतातही १९४८च्या डेंटिस्ट कायद्यापासून हायजिनिस्टची वेगळी नोंद होते, तिचा डिप्लोमाही आहे. पण आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात दात साफ करायचे ते डॉक्टरच, किंवा त्यांच्या हाताखालचे नवे बीडीएस. त्यामुळे "हायजिनिस्ट" म्हटलं की मनात कंपाउंडरचं चित्र उभं राहतं.

इथलं काम काय असतं ते सांगते. हातात एक बारीक उपकरण असतं, प्रोब. टोकाला मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ते अगदी हलक्या हाताने उतरवायचं, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी, आणि आकडे बोलत जायचं : तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. इथपर्यंत ठीक. मध्येच पाच, सहा आले आणि प्रोबच्या टोकाला रक्त दिसलं की तिथे हिरडी सुटतेय, मग एक्स-रे काढून खालचं हाड कितपत झिजलंय ते बघायचं. दाताच्या मुळावर चिकटलेला दगडासारखा थर डोळ्यांना दिसत नाही, तो खरवडायच्या उपकरणाच्या, क्युरेटच्या, पात्याला जाणवतो. ही बोटं तयार व्हायला महिने लागतात, आणि तोवर प्लॅस्टिकच्या जबड्यावर नुसतं हात टेकवायला शिकावं लागतं, म्हणजे उपकरण घसरून कुणाची हिरडी फाटू नये. याशिवाय पेशंटला मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, जिभेच्या कडेला एखादा चट्टा आहे का, हे सगळं तिनेच आधी बघायचं. बहुतेक राज्यांत भुलीचं इंजेक्शनही हायजिनिस्ट देऊ शकते. निदान डेंटिस्टचं, पण पेशंटसोबत बसून अर्धा-पाऊण तास तोंडात डोकावणारी व्यक्ती हीच.

आणि हा धंदा डेंटिस्ट्रीतून गळलेल्या लोकांसाठी निघालेला नाही. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावात आल्फ्रेड फोन्स नावाचे डेंटिस्ट होते. दात किडल्यावर भरण्यापेक्षा ते किडूच नयेत, यासाठी वेगळी माणसं तयार करावीत, हे त्यांच्या डोक्यात होतं. १९०६मध्ये त्यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवायला सुरुवात केली, आणि १९१३मध्ये चक्क गॅरेजमध्ये पहिला वर्ग भरवला. तिथून शिकलेल्या बायका गावातल्या सरकारी शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करायच्या, ब्रश कसा धरायचा ते शिकवायच्या. न्यूमनबाईंना १९१७मध्ये पहिला परवाना मिळाला. तेव्हापासून शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी, परवाना वेगळा.

आता अर्जाकडे वळू, कारण खरी गडबड इथे होते.

"कम्युनिटी कॉलेज तर आहे, तिथे काय, कुणालाही घेतात." हे मी इतक्यांदा ऐकलंय! कॉलेजात घेतात, हायजिनच्या प्रोग्रॅममध्ये नाही. त्याला वेगळा अर्ज, वेगळी यादी. आणि जागा थोड्या. का थोड्या, तर क्लिनिकमध्ये दर पाच विद्यार्थ्यांमागे निदान एक शिक्षक हवाच, असा मान्यता देणाऱ्या संस्थेचा नियम आहे. प्रत्येकीने काढलेला प्रत्येक आकडा, साफ केलेला प्रत्येक दात शिक्षकाने स्वतः तपासायचा असतो. खुर्च्या मोजक्या, शिक्षक मोजके. मग वर्गही वीस-तीस जणींचाच राहतो, आणि बहुतेक ठिकाणी तो वर्षातून एकदाच सुरू होतो. फॉलची संधी हुकली की सरळ पुढचा फॉल.

दुसरं, "दोन वर्षांचा कोर्स" हे अर्धंच खरं. त्याआधी प्रीरिक्विझिट्स आहेत : अॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, इंग्लिश, सायकॉलॉजी, बहुधा सोशिऑलॉजी किंवा कम्युनिकेशन. यात एक वर्ष सहज जातं. म्हणजे तीन वर्षं धरून चाला. हायस्कूलमध्ये एपी बायोलॉजीत पाच मिळाले म्हणून अॅनाटॉमी माफ होत नाही, ते दोन वेगळे विषय आहेत. शिवाय बऱ्याच कॉलेजांत या सायन्सच्या कोर्सेसना मुदत असते, पाच किंवा सात वर्षांची. मधे दुसरं काही करून परत आलेल्या मुलींना हे फार उशिरा कळतं.

इथे एक कळकळीची विनंती. "लवकर उरकून टाक" म्हणू नका. अॅनाटॉमी, मायक्रो आणि केमिस्ट्री एकाच सेमिस्टरला घ्यायची, वर वीस तास नोकरी, आणि शनिवारी मंडळाच्या नाटकाची तालीम. मग अॅनाटॉमीत सी येतो. कागदोपत्री सी चालतो, "किमान सी" असंच लिहिलेलं असतं. पण निवड गुणांवर होते, आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्यांकडे ए असतात. कोर्स परत घेता येतो, पण कितीदा आणि त्यातले कुठले मार्क धरणार, याचे नियम प्रत्येक कॉलेजचे निराळे. एखादं सेमिस्टर जास्त लागलं तर लागू दे.

निवडीचे गुण कसे देतात, हे बऱ्याच कॉलेजांच्या वेबसाइटवर तक्त्यात दिलेलं असतं. सायन्सच्या मार्कांना इतके, टीज किंवा हेसी नावाच्या प्रवेशपरीक्षेला इतके, कुठे त्याच काउंटीत राहण्याला थोडे, कुठे दवाखान्यात बसून काम पाहिल्याच्या तासांना. तो तक्ता लेकीसोबत बसून एकदा वाचा. त्यानंतर शेजारच्या काकूंच्या भाचीला कसा प्रवेश मिळाला, ही गोष्ट घरात सांगायची गरज उरत नाही. वेटलिस्ट काही ठिकाणी पुढच्या वर्षी चालते, अनेक ठिकाणी कोरी होते. पहिल्या खेपेला नाव न लागणं इथे नेहमीचं आहे. ते ऐकून "बघ, मी म्हणत होते" एवढंच वाक्य गिळा.

कॉलेज निवडताना मात्र एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासा. प्रोग्रॅमला 'कोडा', म्हणजे कमिशन ऑन डेंटल अॅक्रेडिटेशनची मान्यता आहे का? कॉलेजला मान्यता असणं वेगळं आणि या प्रोग्रॅमला असणं वेगळं. ती नसेल तर राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. ३५० प्रश्नांची ती परीक्षा, तिच्यानंतर हाताच्या कामाची परीक्षा, मग राज्याच्या कायद्यांची. अलाबामाने काम करता करता शिकण्याची स्वतःची वेगळी पद्धत ठेवली आहे. बाकी ठिकाणी मान्यता नाही तर परवाना नाही. "सहा महिन्यांत डेंटल करिअर" अशी जाहिरात दिसली तर ती बहुधा डेंटल असिस्टंटची असते. तेही काम चांगलंच आहे, पण ते हे नव्हे.

आता तुमच्या तडजोडीबद्दल. "बरं, आधी हायजिन कर, मग हळूच डेंटिस्ट्रीला जा." कागदावर छान दिसतं. पण डेंटल स्कूलला लागतात जनरल बायोलॉजी, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, आणि डॅट ही परीक्षा. हायजिनच्या असोसिएट डिग्रीतले बहुतेक कोर्स त्या खात्यात जमा होत नाहीत. लेकीला मनापासून डेंटिस्टच व्हायचं असेल तर तिने सरळ त्या वाटेने जावं. हायजिनमधून जाणाऱ्याही असतात, पण तो वळसा आहे हे समजून. आणि तिला हायजिनिस्टच व्हायचं असेल तर तिच्या अर्जाला तुमच्या स्वप्नाचं शेपूट लावू नका. मुलाखतीत "पाच वर्षांनी कुठे असशील?" विचारतात. तिथे "डेंटल स्कूलमध्ये" हे उत्तर घरून पाठ करून गेलेली मुलगी समोरच्यांना लगेच ओळखू येते.

पैशाचं थोडक्यात. सरकारी आकडेवारीनुसार २०२३मध्ये हायजिनिस्टचं मध्यक वार्षिक उत्पन्न ८७,५३० डॉलर होतं. निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. शिकताना फीखेरीज उपकरणांचा संच आणि डोळ्यांवरची भिंगं, म्हणजे लूप्स, यांना काही हजार डॉलर लागतात, ते आधीच बाजूला काढा. दुसरी बाजूही सांगते : पुष्कळ नोकऱ्या अर्धवेळ असतात, आरोग्यविमा मिळेलच असं नाही, आणि मान-मनगटं लवकर बोलायला लागतात. आमच्यातल्या बहुतेकींचा एखादा खांदा दुखराच असतो.

व्हिसावर असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. लेक एच-फोरवर असेल तर एकविसाव्या वाढदिवसाला ती त्यातून बाहेर पडते. एच-वन-बी सर्वसाधारणपणे बॅचलर डिग्री लागणाऱ्या कामांना मिळतो, आणि हायजिनिस्टच्या कामात शिरायला असोसिएट डिग्री पुरते. ही गाठ कशी सोडवायची, ते पहिल्या प्रीरिक्विझिटची फी भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. परवाना हातात आल्यावर विचारून उपयोग नाही.

अर्जाच्या काळात आपल्या लोकांचा हात शिवशिवतो, हे मला माहीत आहे. कॉलेजला फोन करू नका. केलात तरी पलीकडची बाई गोडीने सांगेल की तुमच्या लेकीबद्दल काहीही बोलता येणार नाही. १९७४च्या फर्पा कायद्याने मुलगी कॉलेजात गेली की तिच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क तिच्याकडे जातो, फी कुणीही भरलेली असो. निबंधही तिलाच लिहू द्या. "लहानपणापासून मला दातांचं आकर्षण होतं" असं लिहिलेले निबंध ढिगाने येतात. लहानपणी दातांचं आकर्षण कुणालाही नसतं. त्यापेक्षा आजीची कवळी सैल झाल्यावर तिने भाकरी सोडून भात धरला, हे लेकीने पाहिलं असेल तर तिने ते लिहावं. इंग्रजी किंचित अडखळलं तरी चालेल.

मग तुम्ही करायचं काय? दवाखान्यात काम पाहायला जायचं असेल तेव्हा गाडी द्या. हेपटायटिस बी आणि बाकीच्या लसींचे कागद शोधून ठेवा. भारतात टोचलेल्या लसींची कार्डं बहुधा कुठल्याशा लॉकरमध्ये असतात.

आणि प्रवेश मिळाल्यावर आपलं तोंड द्या. हे गमतीने म्हणत नाही. अनेक प्रोग्रॅममध्ये विद्यार्थिनींना पेशंट स्वतःच शोधून आणावे लागतात, आणि नुसते स्वच्छ दातवाले चालत नाहीत. हिरड्या सुजलेले, थर जाड झालेले, असे ठरावीक संख्येने लागतात. दहा वर्षं दातांच्या डॉक्टरकडे न फिरकलेला बाप म्हणजे त्या वर्गात घबाड. मैत्रिणी लेकीचा हेवा करतील.

खुर्चीत तीन-चार तास जातील, बहुधा दोन-तीनदा जावं लागेल, कारण प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासणार. त्या सकाळी ब्लड प्रेशरची गोळी न चुकता घ्या. सुरुवातीलाच प्रेशर मोजतात, आणि ते मर्यादेबाहेर गेलं तर पेशंटला परत पाठवतात. लेकीचं त्या दिवसाचं क्लिनिक बुडतं. प्रेशर ठीक निघालं की ती समोर फॉर्म घेऊन बसेल आणि औषधं, मधुमेह, दारू, तंबाखू असं एकेक विचारत जाईल, सगळ्या पेशंटना विचारते तसंच. बाबांनो, तिथे खरं सांगा. गॅरेजमागे ओढता ती सिगरेट तिला तुमच्या हिरड्यांत दिसणारच आहे.