सायकलच्या मानेतला खेळ

सायकलचा पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल मागेपुढे हलवून पाहा. हँडलखाली 'कट्‌ कट्‌' होते का? तेथील सांध्यावर बोट ठेवा. हालचाल जाणवली तर खेळ मानेत आहे. जाणवली नाही तर दोष ब्रेकमध्ये किंवा चाकाच्या आसात शोधा.

फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीतून चिमट्याचा दांडा वर येतो. नळीच्या दोन्ही टोकांना वाट्या आणि छर्रे असतात. दांड्याच्या वरच्या भागावर आटे असून त्यांवर प्रथम छर्रे दाबणारा कप, मग वॉशर आणि सर्वांत वर लॉकनट बसतो.

मान सैल असली की प्रत्येक खड्ड्यात छर्रे वाट्यांवर आदळतात. छर्रा अगदी लहानशा जागेवर टेकतो. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब प्रचंड! त्यामुळे पोलादावरही खळगे पडतात. उलट, मान फार आवळली तर? तोल सावरण्यासाठी आपण हँडल सतत किंचित वळवत असतो. ते जड झाले की सायकल नागमोडी जाऊ लागते.

आता दोन पाने घ्या. लॉकनट सैल करा आणि कप हळूहळू खाली फिरवा. एका इंचात २४ आटे असतील, तर एका फेऱ्यात कप २५.४ ÷ २४, म्हणजे सुमारे १.०६ मि.मी. सरकतो, एक अष्टमांश फेऱ्यात केवळ ०.१३ मि.मी.! म्हणून एका वेळी एवढेच फिरवा. किंचित खेळ उरला की थांबा. एका पान्याने कप धरून दुसऱ्याने लॉकनट आवळा.

खेळ का ठेवायचा? आट्यांमध्ये बारीक फट असते. लॉकनट कपाला खाली रेटतो, ती फट भरते आणि उरलेला खेळ नाहीसा होतो. कपाचे आटे खाली, तर लॉकनटचे वर दाबले जातात. या घर्षणामुळेच दोन्ही जागचे हलत नाहीत.

शेवटी पुढचे चाक उचलून सायकल जरा कलती करा. चाक आपल्याच वजनाने सहज वळले पाहिजे. सरळ स्थितीत ते अडखळले, तर वाट्यांत खळगे पडले आहेत असे समजा. त्या बदलाव्याच लागतील. ब्रेक दाबून खेळही पुन्हा तपासा आणि मगच रस्त्यावर निघा.

जाता जाता एक प्रश्न : पुष्कळ वॉशरांना आतून एक छोटी जीभ असते. ती दांड्यावरील खाचेत बसते. ती नसती, तर लॉकनट आवळताना कपाचे काय झाले असते?