तोल

मूल पहिली पावले टाकते. डुगडुगते. आपण धावत जाऊन त्याला उचलतो. मायेनेच उचलतो. पण सारखे उचलले, तर ते तोल सांभाळायला कधी शिकणार?

तोल सांभाळायचे काम तिघे मिळून करतात. डोळे बघतात. तळपाय आणि सांधे जमीन ओळखतात. कानाच्या आत बारीक नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा रस असतो. डोके हलले की तो हलतो. या तिघांचे निरोप मेंदूला पोचतात आणि मेंदू अंग सावरतो. मूल जितके खेळेल, तितका हा सराव वाढतो.

मुंबईत गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत आम्ही मुले वाढताना पाहिली. तेथे अंगण कुठले? मुले गॅलरीत खेळत. शहाबादी फरशीच्या सांध्यावरून पावलापुढे पाऊल टाकीत जात. खडूने घरे आखून ठिकरीचा डाव मांडीत. त्याला पैसा लागत नसे. तुमच्यापाशी तर मोकळे अंगण आहे.

तीन वर्षांचे मूल एका पायावर क्षणभर उभे राहते. चार वर्षांचे झाले की लंगडी घालू लागते. कोणाला लवकर जमते, कोणाला उशिरा. पण दीड वर्षाचे होऊनही मूल चालत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

अंगणातली काच, खिळे वेचून टाका. जमिनीवर दोरी पसरा. मुलाला तिच्यावरून अनवाणी चालू द्या. बेडूकउड्या मारू द्या. आपण जवळ बसावे, पण हात धरू नये. पडले तर ओरडू नये. "ऊठ बाळा, पुन्हा चाल," म्हणावे.

दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. ते १९२५ साली निघाले. तेथे मुलेमुली मल्लखांब शिकतात. २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच भरली. मात्र असा खेळ शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच करावा.

दहीहंडीला लालबाग, दादर भागांत उंच थर लागतात. पूर्वी सर्वांत वर लहान पोर चढवीत. आता चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घ्यायला मनाई आहे. हे योग्यच झाले. तोल शिकायला उंची लागत नाही. अंगणातली जमीन पुरते.

प्रश्न : तोल सांभाळायला शरीरातले कोणते तिघे मदत करतात?