सेंद्रिय जिन्नस कोणते घ्यावेत?

सेंद्रिय भाजीपाला महाग पडतो. म्हणून बेताचा पैसा कोठे खर्चावा, हे पिकाच्या रचनेवरून ठरवावे. नारळ, केळे, कलिंगड यांची साल टाकून दिली जाते. तिच्यावर फवारलेले कीटकनाशक बहुतांशी तिच्याबरोबरच जाते. द्राक्षे, भेंडी, पालक मात्र न सोलताच खाल्ली जातात. वाहत्या पाण्याने धुतल्यास पृष्ठभागावरील अंश कमी होतो. परंतु इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही द्रव्ये वनस्पतीच्या रसात भिनतात व धुऊन जात नाहीत. यास्तव पालेभाज्या आणि पातळ सालीची फळे यांना अग्रक्रम द्यावा. बंद वेष्टनावर २०१७ च्या नियमांतील ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. मात्र सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजी खाणेच कमी करणे, ही सर्वांत मोठी हानी होय.